तपोवन आपलं, मग नार-पारचं खोरं कोणाचं?

पेठरोडकर

मंडळी, २०२५च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर उतरले होते, ते विसरला नसाल. सिंहस्थातल्या साधुग्रामासाठी सतराशे-अठराशे झाडांवर कुऱ्हाड चालणार म्हटल्यावर कॉलेजची पोरं, सकाळी फिरायला येणारे आजोबा, नाटकवाले, झाडून सगळे आले. सयाजी शिंदे आले. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. मीही त्यात होतो आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन. तोडायच्या झाडांच्या बदल्यात राजमहेंद्रीहून ट्रेलरवर मोठाली रोपं आणायची टूम निघाली, तेव्हा हसावं की रडावं कळेना. (राजमहेंद्रीही गोदाकाठीच आहे म्हणा, तेवढंच काय ते नातं.)

पण धागा त्यासाठी नाही. सिंहस्थ तोंडावर आला तसं शहरात 'उद्याचं नाशिक', 'हरित नाशिक' छापाच्या बैठकांना ऊत आलाय. मी जातो अशा बैठकांना. परवाच्या एका बैठकीत सुरुवातीला पावरीवर (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) नाच झाला. पावरी वाजवणारे सुरगाण्याकडचे होते, नाचणारी पोरंपोरी आश्रमशाळेतली. टाळ्या, फोटो, गुलाबपुष्प. मग त्यांना नाश्त्याला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि 'पश्चिम घाट, जलसुरक्षा आणि समाज' यावर चर्चा सुरू झाली. चर्चेतले सगळे कॉलेज रोड आणि गंगापूर रोडचे. ज्यांच्या डोंगरांबद्दल बोलणं चाललं होतं ते बाहेर उभे राहून पोहे खात होते.

२०२४ साली राज्य सरकारने नार-पार-गिरणा नदीजोडला मंजुरी दिली. ७,०१५ कोटींचं काम आहे. पश्चिमेला वाहणाऱ्या नार, पार, औरंगा या नद्यांवर धरणं बांधायची, पाणी उपसून डोंगरापलीकडे चणकापूर धरणाच्या बाजूला गिरणा नदीत सोडायचं. धरणं होणार ती सुरगाणा-पेठकडच्या कोकणा, वारली, महादेव कोळी गावांत. त्या गावांच्या ग्रामसभांनी काय ठराव केलेत, हे तपोवनात हातात हात धरून साखळी केलेल्या आपल्यापैकी कितीजणांनी वाचलंय? मी त्या बैठकीत विचारलं, तर उत्तर आलं, "तो वेगळा विषय आहे."

माझं म्हणणं एवढंच, की तो वेगळा विषय नाही. नाशिकच्या पर्यावरणाच्या बाता मारताना आदिवासी हा एकतर नाच करणारा असतो, नाहीतर टँकरची वाट बघणारा. ठरवणारा कधीच नसतो. बोला.

दगडफूल

चहा टाकतो आणि बसतो. हा धागा शंभरी गाठणार.

गिरणाथडी

पेठरोडकर, तळमळ कळली. आता जरा आमच्याकडे या. मी चाळीसगाव तालुक्यातला. गिरणा धरण भरलं तर आमची दिवाळी, नाही भरलं तर शेतात नुसती धूळ. आमच्या तीन पिढ्यांनी नार-पारचं नाव ऐकलंय. प्रत्येक निवडणुकीत त्याचा नारळ फुटतो. आता कुठे कागद हलायला लागला, तर शहरातली मंडळी आदिवासींच्या नावाने आडवी येणार असतील तर आम्ही काय करायचं? शेतकरी पण माणूसच आहे ना? आणि तुमच्या नाशिकला गंगापूर धरणाचं पाणी येतं तेव्हा त्या धरणाखाली कोणाच्या जमिनी गेल्या हे विचारता का आंघोळीच्या आधी?

पेठरोडकर

शेवटचा प्रश्न बरोबर लागला. नाही विचारत. म्हणूनच हा धागा.

मी कुणाच्या नावाने आडवा येत नाहीये. त्यांना विचारा एवढंच म्हणतोय, आणि विचारल्यावर ते 'नाही' म्हणू शकतात हे आधी मान्य करा.

सरळरेषा

पाटबंधाऱ्यात नोकरी केली आहे, आता निवृत्त. भावना बाजूला ठेवून गणित बघू. पेठ-सुरगाण्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दमणगंगा उगम पावते दिंडोरी तालुक्यात आणि साठते गुजरातच्या मधुबन धरणात. पार जाते वलसाडकडे. आपल्या डोंगरावर पडलेलं पाणी एकतर दुसरं राज्य वापरतं, नाहीतर अरबी समुद्र. हे पाणी वाया जाऊ द्यायचं आणि इकडे मालेगाव, येवला, चांदवडने आभाळाकडे बघायचं? मांजरपाड्याच्या वळण योजनेचं काम चाललं होतं तेव्हाही असाच आरडाओरडा होता. आज ते पाणी पुणेगाव धरणात पडतं आणि येवल्याकडचे लोक हात जोडतात.

कणसरी

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. मी कोकणा, सुरगाणा तालुक्यातली. नोकरीमुळे नाशिकला असते, शिक्षिका आहे. आयडीचं नाव आमच्या धान्याच्या देवीचं आहे.

सरळरेषा सर, पाणी वाया जातं म्हणालात. आमच्या पाड्याचा झिरा (खडकातला झरा) आहे, एप्रिलच्या शेवटाला तो जेमतेम पाझरतो. खडकाच्या कपारीतून धार नाही, थेंब येतात. त्याखाली वाटी धरायची, वाटी हंड्यात ओतायची, पुन्हा धरायची. बायका हंड्यांची रांग लावून रात्री तिथंच खडकावर आडव्या होतात, कारण नंबर गेला की गेला. कोणाची पोर रडायला लागली तर मागची बाई आधी पुढच्या हंड्यावर लक्ष ठेवते, मग पोरीकडे बघते. जुलैत त्याच खडकावर उभं राहता येत नाही, एवढं पाणी धावत असतं. काळा कातळ आणि उभा उतार, पाणी मुरणार कुठं? जिथं वर जंगल आहे तिथं झिरा फेब्रुवारी-मार्चनंतरही टिकतो, जिथं डोंगर बोडका झालाय तिथं होळीच्या आधीच आटतो. हे सांगायला आमच्या आजीला इंजिनियर लागला नाही.

म्हणजे पाणी आमच्या उशाशी आहे आणि आम्ही तहानलेले आहोत. धरण झालं की आमच्या खाचराच्या जागी पाणी येईल, पंपाने डोंगर चढेल आणि पलीकडे उतरेल. आमच्या झिऱ्याखाली तरीही वाटीच. म्हणून पहिला प्रश्न, आमच्या पाड्याला बारा महिने पाणी देऊन उरलेलं नेणार, की उरलं तर आम्हाला देणार? याचं लेखी उत्तर कोणी दिलेलं मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट पेठरोडकर दादांसाठी. तुम्ही चांगलं लिहिलंत, पण कृपा करून आम्हाला जंगलाचे देव करू नका. आमचा डोंगऱ्या देव आहे, मार्गशीर्षात आमचे भाये अनवाणी डोंगर फिरतात, वाघबारसेला वाघाला नैवेद्य असतो, हे सगळं खरं आहे. पण आमची निम्मी पोरं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या छाटणीला असतात. गावात मागे म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरतात. साग चोरून नेणारा ठेकेदार बाहेरचा असतो तसा कधी आमच्यातलाही असतो. आम्हाला मोटरसायकल हवी, पोरीला नर्सिंगला घालायचं असतं. हे सगळं असूनही डोंगराचं काय करायचं ते आम्हीच ठरवणार, कारण तिथं राहतो आम्ही. चांगले आहोत म्हणून नाही.

माझी आई २०१८च्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चला चालली. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएसवरून निघाले आणि १२ला आझाद मैदान. १८० किलोमीटर. पिशवीत तांदूळ, डाळ, मिरची आणि एक पातेलं. शेवटच्या रात्री सोमय्या मैदानावर मुक्काम ठरला होता, पण सकाळी दहावीचा पेपर होता, पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून लोक रात्रीच उठून चालत गेले. मी तेव्हा दहावीच्या वर्गाला शिकवत होते. वर्गात कोणाला सांगितलं नाही, पण मान ताठ झाली होती. मुंबईच्या लोकांनी पाणी दिलं, चपला दिल्या, फार कौतुक केलं. पण मागणी काय होती ते कितींना आठवतं? कसत असलेली वनजमीन नावावर करा. कायदा चार हेक्टरपर्यंत देतो म्हणतो, आमच्या घरच्या दाव्यावर मोजणीत गुंठे निघाले. का, ते त्या कार्यालयाने आजतागायत सांगितलेलं नाही.

दगडफूल

_/\_ चहा गार झाला, ताई.

नियमावली

कणसरी ताईंच्या प्रतिसादाला +१. कायद्याचं थोडं लिहितो, कारण धाग्यात 'विचारा' हा शब्द बराच सैल वापरला जातोय.

पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तीन तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. दिंडोरी, इगतपुरी, बागलाण, नाशिकचा काही भाग. तिथं १९९६चा पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू आहे आणि आपल्या राज्याचे पेसा नियम २०१४चे. त्या नियमांत एक फार मोठी सोय आहे जी लोक वापरत नाहीत: ग्रामपंचायतीत पाच पाडे असतील तर प्रत्येक पाडा ठराव करून स्वतःचं वेगळं गाव म्हणून घोषित व्हायची मागणी करू शकतो, स्वतःची ग्रामसभा घेऊ शकतो. म्हणजे सरपंचाच्या गावाने घेतलेला निर्णय वरच्या पाड्यावर आपोआप लादला जात नाही.

भूसंपादनाच्या २०१३च्या कायद्यात अनुसूचित क्षेत्रासाठी ग्रामसभेची आगाऊ संमती सांगितली आहे. सल्लामसलत वेगळी, संमती वेगळी. आपल्याकडे तहसीलदाराने सभा घेतली, सह्यांचा कागद फिरवला, की दोन्ही झालं असं धरतात.

आणि २००६चा वनहक्क कायदा. कणसरी ताई म्हणतात तो वैयक्तिक पट्टा. नाशिक जिल्ह्यात सगळी शक्ती त्यातच गेली आणि ते साहजिक आहे, पोट आधी. पण त्याच कायद्याच्या कलम ३(१)(झ) वगैरेच्या भानगडीत न पडता साध्या शब्दांत सांगायचं तर, गावाच्या परंपरागत हद्दीतलं अख्खं जंगल राखायचा, वाढवायचा आणि चालवायचा हक्क ग्रामसभेला मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो २००९मध्ये मिळवला, सुमारे अठराशे हेक्टर. २०११मध्ये तिथल्या लोकांनी स्वतःच्या वाहतूक पासावर स्वतःचा बांबू विकला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं आपण घेतो, पण तिथली खरी गोम वेगळी आहे. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेत. आणि अभ्यासगट: निर्णय घ्यायच्या आधी विषय समजून घ्यायला बसायचं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा भिंतीवर लिहायला सोपी आहे, दर वेळी सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं हे अवघड आहे.

नियमगिरी तर माहीतच असेल. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. ओडिशातल्या डोंगरिया कोंधांच्या बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. खाण झाली नाही.

सरळरेषा

बारा गावांच्या सभेने हजारो कोटींचा प्रकल्प थांबवायचा, हे देशाला परवडणारं आहे का? उद्या प्रत्येक पाडा नाही म्हणाला तर वीज कुठून आणि पाणी कुठून?

नियमावली

उलटं बघा सर. पार-तापी-नर्मदा नदीजोडात सात धरणं होती, त्यातलं झरीचं धरण आपल्या जिल्ह्यात. २०२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाव आलं, आणि डांग, वलसाड, धरमपूरकडचे आदिवासी रस्त्यावर आले. निवडणूक तोंडावर होती. मे महिन्यात खुद्द गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. म्हणजे आराखड्यावर इतकी वर्षं घातली आणि शेवटी थांबवलाच. आधीच विचारलं असतं तर तुमच्याच खात्याची मेहनत वाचली असती.

गिरणाथडी

गुजरातच्या आदिवासींचं सरकार ऐकतं आणि आपल्या शेतकऱ्याचं ऐकत नाही, असं पण म्हणता येईल. असो.

कणसरी ताई, तुमचा झिऱ्याचा मुद्दा मात्र मनाला लागला. आमच्याकडे पाट आला की टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही म्हणून आम्ही बोंबलतो. तुम्ही तर टेलला नाही, टाकीच्या वरच आहात आणि कोरड्या. आधी पाड्यांना पाणी, हे आमच्या गावच्या सभेत मी स्वतः मांडायला तयार आहे. पण धरणच नको म्हणाल तर नाही जमणार.

कणसरी

दादा, धरणच नको असं मी अजून म्हटलेलं नाही. आमच्या गावात काही म्हणतात, काहींना नोकरी लागेल असं वाटतं. सभा होऊ दे.

दूरदेशी नाशिककर

न्यूझीलंडला असतो, पंचवटीतला. इथली एक गोष्ट सांगतो. मार्च २०१७मध्ये इथल्या संसदेने वांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती मानलं. माओरींचा त्या नदीसाठीचा लढा शंभर वर्षांहून जुना. नदीच्या वतीने बोलायला दोन पालक, एक सरकारने नेमलेला आणि एक नदीकाठच्या माओरी जमातींनी.

योगायोग बघा, त्याच मार्च महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं. पेपरात दोन्ही बातम्या शेजारी शेजारी. पण आपल्याकडे पालक कोण नेमले? मुख्य सचिव, नमामि गंगेचे संचालक, महाधिवक्ता. काही महिन्यांत राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं, की पुरात नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, नदी की आम्ही? जुलैत स्थगिती आली. विषय संपला. तिकडे नदी ज्यांची त्यांना खुर्ची दिली, इकडे साहेबांना अजून एक पद दिलं.

उद्या गोदावरीला असा दर्जा दिला तर पालक म्हणून कोण बसेल, याची मला आत्ताच धास्ती वाटते.

दगडफूल

पालक'मंत्री'पद तर आहेच की. त्यावरूनच आधी भांडण.

पेठरोडकर

=)) दगडफूल, धागा भरकटवू नका.

पालकाचा मुद्दा घेऊन पुढे जातो. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो: २०२७, २०३९, २०५१. प्रत्येक वेळी प्राधिकरण, आराखडा, रस्ते, घाट. आपण कल्पनाच करायची तर २०५१च्या सिंहस्थाची करू. त्र्यंबक, हरसूल, पेठकडच्या ग्रामसभांचे प्रतिनिधी नियोजनाच्या टेबलावर बसलेत, नाचायला नाही, मत द्यायला. वरचं जंगल राखल्याबद्दल महापालिका आपल्या पाणीपट्टीतून ठरावीक हिस्सा थेट ग्रामसभांच्या खात्यावर भरते. सध्या पेसा गावांना पाच टक्के अबंध निधी मिळतोच, म्हणजे पैसा थेट ग्रामसभेला देण्याची वाट पाडलेली आहे. साधूंच्या पंगतीत नागलीची (नाचणीची) भाकरी आणि भगर. शाळेच्या पोषण आहारात जिल्ह्यातली नागली. तुम्ही अजून काय जोडाल?

रानभाजी

जोडायचं कशाला, निम्मं झालेलंच आहे, फक्त आपण बघत नाही. बागलाणची हद्द ओलांडली की साक्री तालुक्यात बारीपाडा. चैत्राम पवार, २०२५चे पद्मश्री. बोडक्या डोंगरावर गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली आणि चारशे हेक्टरांच्या वर जंगल उभं केलं. तिथला वनभाजी महोत्सव एकदा बघाच. बायका पानांवर भाज्या मांडून बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला नाव, गुण, कुठल्या ओघळीला उगवते ते तोंडपाठ. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तिथं मी वही काढून बसले होते. इगतपुरीच्या पलीकडे अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, महादेव कोळी, शाळेची पायरी चढल्या नाहीत आणि गावठी बियाण्यांची बँक चालवतात. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांचं 'उपाहारगृह' आहे, मेलेली जनावरं गावकरीच आणून टाकतात.

आणि एक वाईट सवय बघा आपली. अशा माणसाला आपण पुरस्कार देतो, शाल देतो, व्याख्यानाला बोलावतो. पण जिल्ह्याच्या पाणी आराखड्याच्या समितीवर घेत नाही.

नागलीच्या बाबतीत मात्र सावध. शहरात 'सुपरफूड' म्हणून तिचा भाव चढला आणि पाड्यावर लोक रेशनचा गहू-तांदूळ खातात. नागली लावायला राब भाजा, आवणी करा, निंदा, वेचा, कंबर मोडते. भाव थेट मिळाला नाही तर पोषण आहाराचं कंत्राट घेणाराच गबर होईल.

सरळरेषा

पाणीपट्टीतून हिस्सा ही कल्पना मला पटली, हे नोंदवतो. हिशोब करता येईल. पण पाणलोटात जंगल वाढलं म्हणजे दुष्काळी तालुक्यांची गरज भागली, असं होत नाही. झिरे वाचतील, गिरणा भरणार नाही. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

कणसरी

सर, हे मान्य. म्हणून तर म्हणते, गिरणेकडच्या लोकांनी आमच्या सभेत यावं, मंत्र्यांच्या सभेत नव्हे. तुम्हाला किती पाणी हवं, कशासाठी हवं ते आमच्या तोंडावर सांगा. प्यायला आणि कपाशीला हवं असेल तर आमची माणसं ऐकतील. उसाला हवं असेल तर आमच्या बायका काय बोलतील ते ऐकायची तयारी ठेवा.

सध्या आमच्या गावाचं सामूहिक वनहक्काच्या दाव्याचं काम चाललंय. म्हातारी माणसं हद्द सांगतात: अमक्या आंब्यापासून तमक्या ओहोळापर्यंत, पुढं देवाच्या दगडापर्यंत. अर्जात मात्र कंपार्टमेंट नंबर आणि नकाशा लागतो. तिथं गाडी अडलीय.

नियमावली

नकाशाला मदत करू शकतो. गावातली पोरं मोबाईलच्या जीपीएसवर हद्द चालून घेतील, ते बिंदू नकाशावर बसवायचं काम माझ्याकडे द्या. कायद्यात वडीलधाऱ्यांचे जबाबही पुरावा म्हणून चालतात, कागदच पाहिजे असं नाही. ते लिहून घ्यायला सुरुवात करा, म्हातारी माणसं थांबत नाहीत.

पेठरोडकर

आम्ही चार-पाच जण येऊ का? तपोवनाच्या वेळचा ग्रुप आहे अजून.

कणसरी

या, पण टी-शर्ट आणि बॅनर नको. ज्याला अक्षर बरं आहे आणि म्हाताऱ्यांचं बोलणं मधे न तोडता ऐकता येतं, असे दोघं पुरेत. आवणी संपल्यावर या, आत्ता कोणाला वेळ नाही. मुक्काम करावा लागेल. आणि जेवायला आमच्याकडं नागलीच असेल असं नाही हां, रेशनचा तांदूळ चालेल ना?

गिरणाथडी

मला पण कळवा तारीख. पाचोऱ्याचा एक जण आणतो सोबत, तो उसवाला आहे.